तपास न लागलेला भाग

माझी आत्या एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. दिवसभर मान खाली घालून बसल्यामुळे घरी आल्यावर तिला समोर बघायला काहीतरी हवं असायचं. टीव्हीवर गुन्ह्यांच्या तपासाची एक मालिका लागायची, ती तिने कधी चुकवली नाही. खुनी कोण हे ती पहिल्या जाहिरातीआधीच सांगून आमची सगळी मजा घालवायची. "एवढा गोड बोलतोय म्हणजे हाच." बहुतेक वेळा तोच निघायचा.

ही मालिका सुरू होण्याआधीच बाबा नाहीसे झाले होते. बर्फाच्या कारखान्यात सकाळपाळीला म्हणून निघाले, ते तिथे पोचलेच नाहीत. चौकीतले साहेब सुरुवातीला घरी यायचे, "लागेल तपास" म्हणायचे. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. हळूहळू आमचंच जाणं सुटलं. घरात मात्र अजून "बाबा आले की" असंच बोलणं चालायचं.

आत्याचा आवडता भाग मात्र असा, की त्यात काहीच उलगडत नाही. हरवलेला मुलगा सापडत नाही. शेवटी निवृत्त झालेला इन्स्पेक्टर धापा टाकत जिना चढून त्या मुलाच्या आईकडे जातो. खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "मला नाही सापडला. तो आता नसावा, असं मला वाटतं." ती त्याला पाणी देते. संपला भाग.

"ह्यात काय आहे गं बघण्यासारखं?" मी विचारलं होतं. "कोणी पकडलंही जात नाही."

"तो सांगायला आला ना," आत्या म्हणाली. "आणि पाणी देताना तिच्याकडे बघ. ग्लास सोडतच नाही हातातून."

एका रविवारी दुपारी तो भाग पुन्हा लागला. आई भाजी निवडत तिथेच बसली होती. तिनेही शेवटपर्यंत पाहिला. आत्याने टीव्ही बंद केला आणि आईसमोर जमिनीवर बसली.

"वहिनी, दादा आता येणार नाही."

आईने हातातली भाजी खाली ठेवली. "माहीत आहे मला, वन्सं. केव्हापासून. तुमचा एकुलता एक भाऊ, म्हणून बोलत नव्हते."

"आणि मी तुमच्यासाठी."

दोघी रडल्या. मी पलंगावर बसून होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी तेव्हा नववीत होते आणि बाबा येतील असं मला खरंच वाटत होतं.

पुढे कितीतरी दिवस मी आत्याशी धड बोलले नाही. तिने समजूत घातली नाही. एकदा डबा भरताना एवढंच म्हणाली, "माझ्यावर चिडलीस तर चीड. कोणावर तरी चिडायला हवंच."

थंडी सरल्यावर आईने बाबांचे कपडे देऊन टाकले. एक स्वेटर मी मागून घेतला. आत्याने तो कोपरापाशी रफू करून दिला. तो मला फार मोठा व्हायचा, उकडायचंही, तरी मी तो घालून शाळेत जायचे.