तात्यांचं कुलूप

तात्यांचा कोणत्याही मशीनवर विश्वास नव्हता. माणसांवर त्याहून कमी. कोन गावाजवळच्या कापड रंगवायच्या कारखान्यात ते वायरमन होते, शिक्षण दहावी नापास. मी ऑटोमेशन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिथे प्रशिक्षणाला आलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा लॅपटॉप बंद करायला लावला आणि आठ दिवस पॅनलमधल्या वायरींना नंबर घालायला बसवलं. मी मनातल्या मनात चरफडत होते.

शिफ्ट सुरू झाली की तात्या प्रत्येक चालत्या मशीनचं जाळीचं दार उघडून बघत. दार उघडलं की रोलर थांबलेच पाहिजेत. यात वेळ जातो म्हणून मॅनेजर कुरकुरत. "बोट गेल्यावर तुमची पाच मिन्टं परत देनार काय?" तात्या ऐकवत.

एकदा एका रोलरला सारखा धागा गुंडाळू लागला. कामगार दार उघडत, मशीन थांबे, माल अडके. मॅनेजरांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, तुम्ही शिकलेल्या, प्रोग्राममधून ती दार उघडलं की मशीन थांबायची अट काढून टाका. मी दोन मिनिटांत काढली. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

दुसऱ्या सकाळी तात्यांनी दार उघडलं आणि रोलर फिरतच राहिले. त्यांनी रोलरच्या मोटरचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पॅनलसमोर मांडी घालून बसले. मॅनेजर धावत आले. कुलूप काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, म्हणाले.

"उद्या न्हाय येत," तात्या म्हणाले. "पन आज ही मशीन न्हाय चालनार."

मॅनेजरांनी मला विचारलं, मॅडम, सांगा यांना, काही धोका आहे का? माझ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर त्यांचीच सही व्हायची होती. मी म्हटलं, आहे. अट मी काढली, मीच परत घालणार. आणि सगळ्यांदेखत घातली. तात्यांनी कुलूप काढलं, मशीन चालू केली, दार उघडलं. रोलर थांबले.

दुपारी आम्ही दोघंही फाटकाबाहेर होतो. धामणकर नाक्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

"अट काढलीस कशापायी?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजरांनी सांगितलं म्हणून."

"मंग शिकलीस कशाला?"

दाखला मिळाला नाही. सहा महिने घालवून दुसरीकडे प्रशिक्षण केलं, त्याचं मला काडीचंही दुःख नाही. आज माझ्या नोकरीत मोठमोठे साहेब माल अडल्याचं सांगून तसलीच अट काढायला सांगतात. मी नाही म्हणते, आणि कारण सांगत बसत नाही.