हार नसलेला फोटो आणि लाल दोरा

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या माफ करा. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण मिरकरवाडा बंदरावरच्या आमच्या जाळी विणायच्या शेडमधले किस्से इतके साठलेत की, आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय जागा होणार नाही!

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या आणि आम्ही शेडमध्ये फाटकी जाळी दुरुस्त करत बसलेलो. शेडचा एकच नियम. काम अर्धं सोडून उठायचं झालं तर तिथे लाल दोरा बांधायचा. म्हणजे, ‘हे माझं आहे, मी परत येणार, दुसऱ्याने हात लावायचा नाही.’

यंदा माझं बोट कापलं. सुई धरता येईना. तेव्हा, सगळी शेड जिला मावशी म्हणते त्या शेवंतीमावशीची मुलगी मनाली हिने लायब्ररीतून एक जाड कादंबरी आणली आणि माझ्या हातात दिली. “तू वाच. आम्ही ऐकतो.”

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पुस्तकातले शब्द दुसऱ्याचे, म्हणून जमलं.

*

गोष्ट विलायतेतली. कड्यावर काळा वाडा, त्यात एकटा मालक, आणि पडदे शिवायला आलेली गरीब मुलगी. तिच्या प्रेमात पडून मालक भर वादळात कड्यावर फिरतो.

आमचे दामूकाका जुने तांडेल, चाळीस वर्षं बोट चालवलेले. ते भडकले. “वादळात फिरतो? बंदरात वादळाचा बावटा लावला नव्हता काय? ह्याच्या बोटीवर मी खलाशी नाय देणार!”

*

मालकाच्या दिवाणखान्यात त्याच्या मेलेल्या भावाचा मोठा फोटो. मी दोन पानं वर्णन वाचलं. डोळे कसे, फ्रेम कशी.

शेवंतीमावशीने सुई थांबवली. “हार कुठाय?”

“हार नाही लिहिलेला, मावशी.”

“मग तो मेलेला नाय. लिहून ठेव!”

ऐंशी पानांनंतर तो भाऊ माडीवरच्या बंद खोलीत जिवंत सापडला! मालकाने लाजेखातर वेडा भाऊ लपवला होता. त्या दिवसापासून दामूकाका पुढचं काय ते आधी मावशीलाच विचारतात.

*

मग मालकाने लग्नाची मागणी घातली. सलग सहा पानं! “तुझ्यावाचून या घरात दिवा लागत नाही” असं वाचताना माझी नजर चुकून मनालीकडे गेली आणि आवाज बसला.

मावशी शांतपणे म्हणाली, “पाणी दे गो त्याला. मालकाचा घसा सुकला.”

सगळी शेड हसली. मनालीने पाणी दिलं, पण ती हसली नाही.

*

पडदे शिवणारीने मालकाला माफ करावं का, यावर वाद झाला. मनाली म्हणाली, “भाऊ लपवला त्याचं काय नाय. विचारल्यावर खोटं बोलला, त्याचा राग येतो.”

माझं पान उलटायचं राहिलं. कारण मागच्या वर्षी तिने माझं शिक्षण विचारलं होतं, तेव्हा मी दहावी पास सांगितलं होतं!

त्यातच मावशीने बातमी दिली, “रविवारी हातखंब्याची माणसं येतायत हिला बघायला.”

*

शनिवारी सगळे चहाला गेले. मनाली जाळ्याजवळ थांबली होती. मी पुस्तक बंद केलं आणि एका दमात बोललो, “मी दहावी नाही. नववीतच सोडली. तुला खोटं सांगितलं.”

त्यापेक्षा वादळात कड्यावर उभं राहणं सोपं असेल!

मनाली म्हणाली, “एवढंच? तोंड बघून मला वाटलं, माडीवर भाऊ आहे!”

इतकं हलकं मला शाळा सुटली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी हसायला लागलो, तोवर ती छत्री घेऊन निघूनही गेली. रविवारबद्दल एक शब्द नाही.

संध्याकाळी घरी निघालो, तर माझ्या सायकलच्या हँडलला लाल दोरा! चांगला तीन गाठी मारलेला.

मी सोडायला हात पुढे केला, तर मागून दामूकाका ओरडले, “हात लावू नको, मेल्या! कुणी बांधलान ते दिसत नाय? नियम म्हणजे नियम!”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दोरा न भिजवता सायकल पुसली, आणि बाहेरून दहावीला बसायला काय काय लागतं ते विचारायला आमच्या जुन्या मास्तरांच्या घरी गेलो.