उसन्या व्हॅनमधून सौदीच्या पश्चिमेला

सौदीत सोळा वर्षं काढली, पण सौदी पाहिलंच नव्हतं. खोबरमधलं घर, अबकैकचा तेलाचा प्लांट, धाहरानमधल्या ओळखीपाळखी, आणि सुट्टी लागली की दम्मामहून थेट मुंबई. दर नोव्हेंबरात, हवा जरा माणसात आली की, आमच्याकडे कोणीतरी म्हणायचं, "एकदा गाडीने पश्चिमेला जाऊन येऊ." मग कामं निघायची आणि ते राहून जायचं. या वर्षी मात्र गेलो, कारण पुढच्या नोव्हेंबरात आपण इथे असू की नाही हेच माहीत नव्हतं.

माझा नवरा सुहास अबकैकला एका कंत्राटी कंपनीत शटडाऊन प्लॅनर आहे. म्हणजे प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असेल तेव्हा कुठलं काम कधी आणि कोणी करायचं, हे ठरवणारा माणूस. सौदायझेशनमध्ये, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायच्या धोरणात, त्याची जागा गेली. डिसेंबरअखेर ती माजिदला द्यायची. माजिद तिशीतला सौदी इंजिनियर, आणि गेली दोन वर्षं त्याला काम शिकवलं ते सुहासनेच.

आता पुढे काय, यावर घरात दोन मतं होती. माझं म्हणणं, बस झालं, सामान बांधू आणि चिपळूणला जाऊ. त्याचं म्हणणं, पश्चिम किनाऱ्यावरच्या यान्बूच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय, जमलं तर अजून दोन-तीन वर्षं काढू. "चिपळूणला जाऊन मी दिवसभर करू काय?" हा त्याचा प्रश्न, आणि "इथे राहून मी अजून किती दिवस काढू?" हा माझा. इतकी भांडणं झाली की शेवटी तह करावा लागला. प्रवासातच यान्बूला मुलाखत उरकायची आणि घरी परत येईपर्यंत या विषयावर दोघांनीही तोंड उघडायचं नाही. मुलगी पुण्याला कॉलेजात आहे. ती फोनवर म्हणाली, "तुम्ही दोघं न भांडता दोन आठवडे एका व्हॅनमध्ये? मला रोज मेसेज करा."

व्हॅन माजिदने मिळवून दिली. त्याच्या चुलतभावाची हायेस आहे, मागच्या सीटा काढून पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली. भाडं घ्यायला तो तयारच होईना. "एकच अट, मिस्टर सुहास. नमासला माझ्या वडिलांकडे जेवायला थांबायचं." सुहास घरी आला तो तोंड पाडूनच. "त्यापेक्षा भाडं परवडलं असतं." ज्याला आपली खुर्ची द्यायची त्याच्याच घरी पाहुणचार घ्यायचा, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. माजिदबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. बोलतच नव्हता, हीच पंचाईत होती.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: दुसऱ्याची गाडी चालवायची असेल तर मालकाकडून ऑनलाइन 'तफवीद', म्हणजे परवानगी, घेतल्याशिवाय निघू नका. चेकपोस्टवर इकाम्याबरोबर, म्हणजे राहण्याच्या परवान्याबरोबर, तीही विचारतात. आम्ही दोघांच्याही नावाने काढली, कारण आता मलाही लायसन्स मिळालं आहे.

सुहासने प्रवासाचा आराखडा केला तो अगदी शटडाऊनसारखा. कुठे डिझेल, कुठे पाणी, चहाला किती वेळ, एवढंच काय, वाळूचं वादळ आलं तर काय करायचं तेही. मी विचारलं, "यात मजा कुठल्या रकान्यात आहे?" तो म्हणाला, "ते खातं तुझ्याकडे."

रियाधपर्यंतचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे, तिथे उगाच वेळ घालवू नका. रियाध ओलांडून बुरैदाच्या अलीकडे मुक्काम केला. रात्री राहायला हायवेवरचे मोठे पेट्रोल पंप सोयीचे. मशीद, दुकान, संडास सगळं असतं. संडासांबद्दल न बोललेलंच बरं, आपली बादली आपण न्या. सकाळी शेजारच्या टपरीवर तमीस, म्हणजे तंदूरमधली परातीएवढी रोटी, आणि फूल, म्हणजे घोटलेल्या कडधान्याची उसळ. दोघांचं पोट भरून वर दुपारचीही सोय झाली. चहावाला केरळचा होता. त्याने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "भाभी, घर साथ में लेके किधर?" सुहास तोंडात घास असताना म्हणाला, "अभी तय नहीं हुआ." तह मोडायची पहिली संधी त्याने साधली. मी सोडून दिलं.

हाइलनंतर डोंगर दिसू लागतात आणि अल-उलाजवळ आपण कुठल्या भलत्याच देशात आलो असं वाटतं. तांबडे, उभेच्या उभे कातळ आणि त्यात कोरलेल्या थडग्यांच्या भल्यामोठ्या चौकटी. तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळत नाही. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. सकाळी थंडी इतकी की मी पिठलं ढवळतानाही शाल सोडली नाही. सुहास आराखड्याच्या पुढे चालला होता म्हणून खूश होता. मी कातळांकडे बघून खूश होते. संसार असाच चालतो.

तिथून उमलुजच्या रस्त्यावर मी गाडी चालवली. वाटेत उंट मोकळे फिरतात, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. आणि मग एका वळणावर लाल समुद्र आला. नाव लाल, रंग असा निळा की गुहागरच्या समुद्राला वाईट वाटेल. उमलुजला किनाऱ्यावरच व्हॅन लावली. मच्छी बाजारात मासा निवडायचा, शेजारच्या दुकानात साफ करून तळून मिळतो. मी कोकमाची सोलं बरोबर नेली होती, त्यांची कढी केली. जेवताना सुहास म्हणाला, "इथे काय वाईट आहे?" मी म्हटलं, "तह."

यान्बूला त्याने व्हॅनमध्येच इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला आणि गेला. मी समुद्रकाठच्या बागेत बसून राहिले. मुलाखत वाईट जावी असं मनात आलं आणि मग मनात आल्याचं वाईट वाटलं. तो परत आला, टाय काढून घडी केली, म्हणाला, "चल." बस, एवढंच.

जेद्दाला गेलात तर शराफिया या वस्तीत जाच. आपली माणसं, आपले मसाले, अगदी अळूची पानंसुद्धा मिळाली. हुसेनचाचा म्हणून श्रीवर्धनकडचे एक वाणसामानवाले आहेत, त्यांच्याकडे भाजणी विचारली तर स्टुलावरून उठूनच आले. "वहिनी, गाव कंचा?" चिपळूण म्हटल्यावर माझी पिशवी काढून घेतली आणि आत बसवून सुरमई खायला घातली. काउंटरवर आता सौदी मुलगा बसतो. चाचा मागे स्टुलावर बसून त्याला भाव सांगतात. "जायचा कधी, चाचा?" सुहासने विचारलं. "अरे बाबा, तीनदा निरोपाचा जेवण घेतलाय मी. लोकं आता हसतात. तिकडे पोरांनी घर बांधलाय, त्यात माझी खोली हाय, पन त्या खोलीत बसून करू काय?" सुहासने माझ्याकडे असं काही पाहिलं की तह शब्दाने मोडला नाही, एवढंच.

जेद्दाहून ताइफला जाताना मक्केच्या हद्दीत मुस्लिमेतरांना जाता येत नाही, पाट्या बघून बाहेरचा रस्ता धरा. जरा लांब पडतो. पुढे हदाचा घाट आहे, वळणावळणांचा, आणि कठड्यांवर माकडांच्या झुंडी. काचा बंद ठेवा. मी ठेवल्या नाहीत आणि बिस्किटांचा पुडा गेला. ताइफ, बाहा करत पुढे जसजसं दक्षिणेला जाल तसतसं हिरवं होत जातं. देवदारासारखी झाडं, धुकं, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. हे सौदी आहे यावर चिपळूणच्या कोणाचा विश्वास बसायचा नाही.

नमासला पोचायच्या आदल्या संध्याकाळी सुहासने विचारलं, "पोट बिघडलंय म्हणून सांगितलं तर?" मी म्हटलं, "मग मी एकटी जाईन आणि तुझ्या वाटचंही खाईन."

गावाच्या वर दगडी घर, पुढे डाळिंबाची झाडं. अबू माजिद, म्हणजे माजिदचे वडील, रस्त्यातच उभे होते. सत्तरीचे असतील. "वेलकम! हाऊ इज माय धाहरान?" तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत ते धाहरानला तेल कंपनीच्या कॅम्पात वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. माजिदने आम्हाला हे कधी सांगितलंच नव्हतं.

तिथली रीत अशी की पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, बायका आतल्या घरात. सुहास एका दाराने गेला, मी दुसऱ्या. आत माजिदची आई, उम्म माजिद, आणि शाळेत इंग्रजी शिकवणारी धाकटी बहीण नूरा. वेलचीची कॉफी, खजूर आणि अरीका, म्हणजे कुस्करलेल्या पोळीत मध आणि तूप. आपल्या गूळ-तूप-पोळीच्या जवळचंच. माझं अरबी बाजारापुरतं, तेव्हा बाकीचं नूरा सांगत होती.

उम्म माजिदने आडपडदा न ठेवता विचारलं, "फायनल एक्झिट?" म्हणजे सौदी कायमचं सोडणार का. मी म्हटलं, बहुतेक. "तू खूश?" "हो." "आणि तो?" मी नाही अशी मान हलवली. त्यावर त्या हसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. नूराने त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं ते असं: "बाबा धाहरान सोडून आले तेव्हा रोज पहाटे उठायचे, कामावरचे कपडे घालायचे आणि अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचे. गाडी सुरू करायचे नाहीत. नुसते बसायचे. शेजारी विचारायचे, तेव्हा आई सांगायची, कुठेतरी निघालेत."

"किती दिवस?" मी विचारलं. नूराने ते आईला विचारलं आणि मला सांगितलं.

"वर्षभर. आई गाडीतच कॉफी नेऊन द्यायची. मग एक दिवस आपणच उतरले आणि म्हणाले, शेताचा बांध पडलाय, दगड आणायला हवेत." एवढं सांगून नूरा थांबली आणि आईकडे बघत म्हणाली, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं." उम्म माजिदने माझ्या ताटात अजून अरीका वाढली.

निघताना सुहास वेगळाच दिसत होता. गाडी मी चालवत होते आणि तो बोलत होता. बोलत होता! "मला मधोमध बसवलं गं. दहा-बारा लोक होते, सगळ्यांना सांगितलं, हा माझ्या मुलाचा उस्ताद. आणि म्हणाले, रिटायर होऊन आलो त्या दिवसापासून श्वास घ्यायला वेळ नाही. बांध, मधमाश्या, डाळिंबं."

"त्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मी समोरच्या धुक्याकडे लक्ष दिलं. तह होता, तेव्हा बोलायचं नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. अभापर्यंत तो चिपळूणच्या परसातल्या विहिरीबद्दल बोलत होता. वादी दवासिरच्या लांबलचक रस्त्यावर त्याने कलमं किती लावता येतील ते ठरवलं. सोळा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते सगळं तो बोलत होता आणि मला अंगणातली ती बंद गाडी दिसत होती.

हिशोबाचं म्हणाल तर डिझेल, खाणं आणि अल-उलाची तिकिटं धरून विमानाने भारतात जाऊन येण्याहून कमीच खर्च झाला. दोन आठवडे पुरेसे आहेत, तीन मिळाले तर अभाला आणखी राहा. उबदार पांघरूण न्या, सौदी गरम असतं या समजात राहू नका. व्हॅन परत करायला सुहासने माजिदला बोलावलं, तेव्हा माजिद दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे वर चहाला आला. दोघं टेबलावर कागद पसरून पुढच्या शटडाऊनचं बोलत बसले, मी तीनदा चहा केला.

दोन दिवसांनी यान्बूचा फोन आला. त्यांना सुहास हवा होता. त्याने आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "झालं तुझ्या मनासारखं?"

मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. भीती वाटली. आता याला इथून उपटून न्यायची जबाबदारी माझी. तह संपला होता, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती गाडी, ते कपडे, ती कॉफी.

तो ऐकत राहिला. "म्हणजे म्हाताऱ्याने मला गंडवलं," म्हणाला आणि खो खो हसला. मीही हसले. मग हसू ओसरल्यावर त्याने विचारलं,

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मीही बसलो तर? चालेल तुला?"

"चालेल," मी म्हटलं. "पण चहा प्यायला घरात यायचं."