मत शालिनीमावशींचं

शालिनीमावशींवर अन्याय झाला. कधी? गेल्या वर्षी, म्हणजे १९८७ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी जेवणं आटोपून श्रीखंडाच्या वाट्या फिरत होत्या तेव्हा. कुठे? इथेच, शॉमबर्गला, आपल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात. कुणी केला? हॉलमध्ये बसलेल्यांनी, हात वर करून. नावं लिहीत नाही. ज्यांचे हात वर होते त्यांना आठवत असेल.

ज्यांनी मावशींना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या मूळच्या मिरजेच्या. तिथेच नर्सिंग शिकल्या, मग इंग्लंडात लेस्टरला पंधरा वर्षं सुईणीचं काम केलं. नवऱ्याला, म्हणजे विनायककाकांना, इथे नोकरी लागली म्हणून चौऱ्याऐंशी साली अमेरिकेत शॉमबर्गला आल्या. साडीवर खांद्याशी पिनेने नर्सचं घड्याळ लटकवायच्या. उलटं, म्हणजे मान खाली घातली की त्यांनाच वेळ दिसावी. कुणी बोलताना लांबण लावली की ती मान खाली जायची. "दोन मिनिटं झाली हं तुमची."

दुसरं वाक्य याहून धारदार. लेस्टरला चार-चार डॉक्टर खाटेभोवती उभे राहून बाळंतिणीच्या डोक्यावरून चर्चा करायचे, तेव्हा ही पाच फुटांची बाई मध्ये घुसायची आणि म्हणायची, "पेशंटला विचारलंत का?" इथे आल्यावर त्यांनी ते सगळीकडे वापरलं. कुणाच्या मुलाला मेडिकलला घालायचं ठरत असो, कुणाच्या आईला मुंबईहून कायमचं आणायचं ठरत असो, स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "पेशंटला विचारलंत का?"

तर त्या वर्षी जूनमध्ये ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होती. देशाबाहेर गेलेल्या ब्रिटिश नागरिकांनाही काही वर्षं मत देता यावं, असा कायदा तिकडे नुकताच झाला होता. मावशींनी लेस्टरलाच ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला, काकांनी मात्र भावनेपोटी भारतीयच ठेवलेला. म्हणजे मत मावशींना होतं, काकांना नव्हतं. मावशींनी आदल्या वर्षीच नाव नोंदवलं आणि आपल्या जागी केंद्रावर जाऊन मत टाकायला डोरीनला नेमलं. डोरीन म्हणजे त्यांच्याच वॉर्डातली जुनी सुईण मैत्रीण. कुठल्या पक्षाला, एवढंच तिला फोन करून कळवायचं राहिलं होतं.

ही बातमी पॉटलकमध्ये फुटली आणि हॉल पेटला! का पेटणार नाही? आपल्यातले बहुतेक ग्रीन कार्डवाले. इथे मत नाही, भारतातलं मत भारतात राहिलं. वर्षानुवर्षं कुणाला काही निवडता आलं नव्हतं, आणि समोर एक जिवंत मत बसलेलं, श्रीखंड खात!

"आमच्या घरचं मत हुजूर पक्षाला," काकांनी जाहीर केलं.

"अरे यार, असं कसं?" पलीकडून एक जण ओरडला. "पंधरा वर्षं सरकारी हॉस्पिटलचा पगार खाल्ला. मजूर पक्षालाच द्यायला पाहिजे!"

"दोघांनाही पाडा! मधल्या आघाडीला द्या."

खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. टॅक्स, बेकारी, क्षेपणास्त्रं, सगळं निघालं. शेवटी अध्यक्षांनी माईक घेतला. "शांत व्हा. आपण मंडळाच्या पद्धतीने ठरवू. हात वर करा." मंडळाची पद्धत आपल्याला माहीत आहे. सहल कुठे न्यायची, नाटक कुठलं बसवायचं, सगळं असंच ठरतं. हात मोजले. हुजूर पक्ष शॉमबर्गमधून निवडून आला. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "शालिनीताई, तसं तिकडे कळवून टाका."

एका बाईचं मत, आणि तिला न विचारता त्याचा निकाल लावला! मी तेव्हा दाराशी अणुबॉम्बविरोधी पत्रकं वाटत होते (अजूनही वाटते). मी खुर्चीवर चढले, "हा दरोडा आहे!" म्हणून ओरडले आणि तशीच उतरून मावशींच्या हातात माझं पत्रक कोंबलं. "मावशी, मजूर पक्ष! अणुबॉम्ब मोडीत काढणार तेच! दुसरा विचारच नको!"

मावशींनी वाटी खाली ठेवली. मान खाली घालून घड्याळ बघितलं. उभ्या राहिल्या.

"पेशंटला विचारलंत का?"

"मत माझं आहे. सल्ला द्या, ऐकते. प्रत्येकाला दोन मिनिटं. पण प्रश्न माझा. आमच्या वॉर्डात रात्री दोनच सुईणी असायच्या, आणि एकदम चार बायका अडायच्या. तिसरी सुईण कोण देणार, तेवढं सांगा."

अध्यक्ष स्वतः डॉक्टर. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे असं आहे, ओव्हरऑल इकॉनॉमी सुधारली की..."

"सुधारू दे की. तिसरी सुईण?"

मी माझ्याजवळचं दुसरं पत्रक उलटंसुलटं करून बघितलं. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घालून परत दिलं. "तुझ्या कागदात अख्खं जग आहे गं पोरी. आमची रात्रपाळी तेवढी राहिली."

मग त्यांनी काय करावं? डोरीनला तोच प्रश्न घेऊन तिन्ही पक्षांच्या कचेरीत पाठवलं! पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात फोनभोवती अर्धं मंडळ गोळा झालं होतं. मावशी रिसीव्हरवर हात ठेवून आम्हाला सांगत होत्या, "एक म्हणाला, लेखी कळवू. दुसऱ्याने उमेदवाराचा फोटो दिला. तिसरीकडच्या बाईने डोरीनला खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं, रात्रपाळीला अजूनही दोघीच असता का?"

"कुठला पक्ष? ती बाई कुठल्या पक्षाची?" आम्ही सगळे एकदम.

"आता बाहेर व्हा सगळे."

काकांसकट आम्ही मागच्या अंगणात. काका हातात चहाचा कप घेऊन, काचेला नाक लावून बायकोचे ओठ वाचत होते. मावशींनी पडदा ओढला. आतून एवढंच ऐकू आलं, की त्या खळखळून हसल्या.

निवडणूक हुजूर पक्षाने जिंकली. अध्यक्ष भेटल्याबरोबर म्हणाले, "जिंकलो की आपण! तुमचंही त्यांनाच ना?" मान खाली गेली. "दोन मिनिटं झाली हं तुमची." काकांनी महिनाभर पिच्छा पुरवला. "अगं, मी नवरा आहे तुझा!" "आहात की. मतपेटी नाही."

त्या दिवाळीत मंडळाची कमिटी पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून निवडली गेली, ती मावशी हटून बसल्या म्हणून. काकांनी मावशींना कोरी चिठ्ठी दिली, पेन दिलं, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी बघितलंय ते.

या वसंतात दोघं इथून दूर, कॅरी गावी राहायला गेले. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. मावशी गाडीत बसल्या, काच खाली केली. माझ्याने राहवेना. "मावशी, आता तरी सांगा. मजूरच ना?" त्यांनी माझा हात दाबला. मग मान खाली घातली. "तुझीही दोन मिनिटं झाली गं पोरी." गाडी वळणापलीकडे गेली तरी मी हात हलवत होते.

येत्या नोव्हेंबरात इथली निवडणूक आहे. आपल्यातले बरेच जण यंदा अमेरिकन नागरिक झालेत, जोडीने. घरोघर 'आमच्या घरचं मत' पुन्हा सुरू झालंय, ऐकतेय मी. तर वाचणाऱ्या काकांनो, दादांनो, बायकोचं नाव या आठवड्यात नोंदवून घ्या. मतदानाच्या दिवशी तिला केंद्रापर्यंत ड्राइव्ह करा. तुम्ही गाडीतच बसा. ती परत आली, की दार उघडा, गाडी सुरू करा, आणि कुणाला दिलंस हे विचारू नका. घरी पोचेपर्यंत नाही, आणि नंतरही नाही.