आई घरी नाहीत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा नाही — हात जोडते, मुलांसाठी काय मागायचं ते मागते आणि घाईघाईनं उठते, तो काही विचारायच्या आत. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

मी तशी तोंडाची फटकळ. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, भाजीवालीपासून एस्टीच्या कंडक्टरपर्यंत. मनात आलं की बोलून मोकळी. आणि बघा ना, जिथं गप्प राहायचं तिथं ही जीभ चुरूचुरू चालली, आणि जिथं बोलायचं तिथं — नाही, असं नाही सांगता येणार. आधी आईंचं सांगते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. ठमाबाई. मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. आई सुईण होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात दायीचं ट्रेनिंगही घेतलेलं. त्यामुळे अंगारेधुपारे काही नाही. हात साबणानं धुवायचे, ब्लेड उकळून घ्यायचं. आणि पोटावर हात फिरवून मूल आडवं वाटलं, तर सरळ सांगायच्या, "बाय गो, ह्ये माझ्या हातचं नाय. जीप बगा." मग त्या बाळंतिणीला मांडीवर घेऊन स्वतः मुरबाडपर्यंत जायच्या. अशा कितीजणींना त्यांनी नेलं असेल! माझा थोरला झाला तेव्हा त्याच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. आईंनी कसा सोडवला देव जाणे. मला एवढंच आठवतं, त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या पायावर पडत होता आणि तोंडानं त्या मलाच शिव्या घालत होत्या, "रडतेस काय, जोर कर, भवाने!"

घ्यायच्या काय याचं? एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ. लुगडं दिलं तर परत करायच्या. पाचवीला सटवाईची पूजा झाली की बाळ आधी सुईणीच्या मांडीवर ठेवतात. आई त्याला डोळे भरून बघायच्या, मग त्याच्या आईकडे द्यायच्या. "ही माझी मजुरी," म्हणायच्या. मला तेव्हा हसू यायचं. मजुरी म्हणे!

आमच्याकडे एक रीत होती. सुईणीला बोलवायला आलेला माणूस अंगणात येत नाही. कुडाच्या कुंपणाबाहेर उभा राहून हाक मारतो. बसत नाही, पाणी घेत नाही, तिला घेऊनच वळतो. आणि सुईणीनंही हाक ऐकली की नाही म्हणायचं नाही. आई ताटावरून उठलेल्या मी पाहिल्यात. भात तसाच, हात धुतला आणि चालू लागल्या. एकदा तर दिवाळीच्या दिवशी! मी केवढी चिडले होते. म्हटलं, सणाचा दिवस आहे आई, वर्षातून एकदा येतो. त्या म्हणाल्या, "पोराला काय ठावं गो सण?"

आता माझं सांगते. मला फरशी हवी होती.

हसाल तुम्ही. पण खरंच, सुरुवात एवढीशीच. माझी बहीण शहापूरला दिलेली. तिच्या घरात गुळगुळीत फरशी, फ्रिज, नळ उघडला की पाणी. मी तिच्याकडून परत आले की आमच्या सारवलेल्या जमिनीकडे बघवायचं नाही. शेणाचा वास हातातून जातच नाही असं वाटायचं. नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला, रोज जीपला लटकून जायचा-यायचा. मी त्याच्या मागे भुणभुण लावली — मुरबाडला राहू, पोरं चांगल्या शाळेत घालू. भुणभुण तरी किती! बिचारा घरी यायला घाबरायला लागला.

आणि तेव्हाच आमच्याकडे मुंबईचे लोक जमिनी बघत फिरायला लागले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. रस्त्यालगतचा आमचा माळ एका शेठला फार्महाऊससाठी आवडला. माळ आईंच्या नावावर. आई म्हणाल्या, तिथं अख्ख्या गावाची गुरं चरतात, ती कुठं जातील? मी तोंड फुगवलं. आठ दिवस धड बोलले नाही. मग एक दिवस भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "तुमाला पायजे ना? मग घ्या." झालं.

शेठ कागद घेऊन आले, त्या दिवशी नेमकी आईंना हाक आली होती आणि त्या निघून गेलेल्या. शेठ तासभर बसले. जाताना तोंड वाकडं करून म्हणाले, पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. फरशी, फ्रिज, नळ — सगळं डोळ्यांसमोरून चाललंय असं वाटलं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. सकाळचे अकरा वाजले असतील. भाताची झोडणी संपून अंगणात पेंढ्याचा ढीग लावलेला, त्याच्या पलीकडे त्यांची पांढरी गाडी. बरोबर वकील. नवरा त्यांना ओटीवर बसवत होता, मी चहा टाकला होता, आई मागच्या पडवीत चांगलं लुगडं नेसत होत्या. आणि कुडाबाहेरून हाक आली.

"ठमाय! ओ ठमाय!"

मी धावले. आईंच्या आधी पोचायचं म्हणून धावले, हे कबूल करते. वरच्या वाडीवरचा काळू होता. वाडी म्हणजे डोंगराच्या अंगाला दहा-पंधरा झोपड्या, आमच्यापासून तासभराची चढण. धापा टाकत होता. त्यानं तोंड उघडायच्या आत मी बोलले,

"आई घरी नाहीत."

"कुठं गेल्यात?"

"मुरबाडला. संध्याकाळच्या एस्टीनं येतील."

बघा, एका खोट्यावर भागलं असतं. पण मी त्याला एस्टीसुद्धा लावून दिली! इतकी सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

तो म्हणाला, "सोमीचं कालपास्नं दुकतंय. पयलंच हाय." सोमी म्हणजे त्याची बायको. मी म्हणाले, दुसरी कोणी बघ रे, उशीर करू नको. वर शहाणपण! त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बांधावरून धावत परत गेला. डोक्याला फडकं बांधलेलं नव्हतं, पायात काही नव्हतं, एवढं मला अजून दिसतं.

आत आले तर आईंनी विचारलं, "कोन हाक मारीत व्हता गो?"

"कोणी नाही. गुरं हाकत होते."

आईंनी अंगठा दिला. मी चहा दिला, बिस्किटं दिली. शेठ हसले, नवरा हसला, मीही हसले. आणि आता ते सांगते, जे मला सगळ्यात जास्त खातं. अंगठा झाल्यावरसुद्धा ती गाडी आमच्या अंगणात तासभर उभी होती. तासभर! माझं काम झालं होतं ना? मग तेव्हा तरी सांगायचं की नाही — आई, वाडीवरून काळू आला होता? आई गेल्या असत्या. पोटाला हात लावून त्यांना कळलं असतं. शेठ कसाही असला तरी माणूस होता, बाळंतिणीसाठी गाडी दिली असती त्यानं. नसती दिली तरी आईंनी रस्त्यावर आडवं पडून कोणतीतरी जीप थांबवली असती. मी का नाही बोलले? खोटं उघडं पडलं असतं म्हणून. चार लोकांत माझी लाज गेली असती म्हणून. बस. एवढंच कारण.

सोमी दिवस मावळायच्या सुमाराला गेली. मूलही. मूल आडवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. आई ओटीवर मटकन बसल्या. पुन्हा पुन्हा एकच, "मला कसं नाय बोलावला? मला कसं नाय बोलावला?" मी चुलीशी भाकऱ्या थापत होते. एक करपली, तरी मी काढली नाही.

दहाव्या दिवशी आई वाडीवर भेटायला निघाल्या. म्हणाल्या, तू पण चल. डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन मी मागून चालले. चढताना सारखं वाटत होतं, आता सांगावं. त्या दगडापर्यंत गेलो की सांगू. त्या आंब्यापर्यंत गेलो की सांगू. असं करत वाडी आली.

झोपडीपुढे बायका बसल्या होत्या. काळू खाली मान घालून भिंतीला टेकलेला. त्याच्या म्हातारीनं आईंना पाहिलं आणि हंबरडा फोडला. "ठमाय, तुला त्या दिशीच मुरबाडला जायाचं व्हतं काय गो? माझा लेक तुझ्या दारात येऊन गेला. तुझी सून बोलली, तू घरात नाय. तू असतीस तर माझी सून वाचली असती!"

आईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं — पोटावर हात ठेवून आतलं ओळखायची सवय होती ना त्यांना, तसंच. क्षणभर. माझ्या डोक्यावर पाटी होती, तोंडात जीभ होती. दहावी पास होते मी! एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

आणि आई त्या म्हातारीला म्हणाल्या, "व्हय गो बाय. नव्हते मी घरी. माझं चुकलं."

काळूनं मान वर केली. त्यानं आमच्या अंगणातली गाडी पाहिली होती. एव्हाना माळ विकल्याचं सगळीकडे झालेलं. त्याला काय वाटायचं ते वाटलं. म्हातारी म्हणाली, "आता तुज्याकडं गाडीवालं येत्यात. आमच्यात कशाला येशील?" आई तेही ऐकून घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हातारीनं तो हात झटकला.

उतरताना आई पुढे, मी मागे. ओढ्यावर पाय धुवायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "तुजी दोनी पोरं माज्या हातावर जन्मली. तुला मी त्यांच्यापुढं उगडी करू काय?" मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "चल, ऊन चढतंय."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीच कुठं होती? आणि हा विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

त्यानंतर आईंनी कोणाचीच हाक घेतली नाही. वाडीवरून तर कोणी आलंच नाही, पण बाकीच्या गावांतून माणसं यायची. आई आतूनच सांगायच्या, "आता हात थरथरत्यात रे माजे." हात कसले थरथरतायत! संध्याकाळच्या उजेडात एका फटक्यात सुईत दोरा ओवायच्या. बाहेर लोक बोलायचे ते माझ्या कानावर यायचं — ठमाय आता मोठी झाली, जमिनीचा पैसा आला, गरिबाच्या झोपडीत कशाला वाकेल? ज्या बाईनं आयुष्यभर नारळाच्या वर काही घेतलं नाही, तिला हे! आणि मी ते ऐकून घरी यायचे आणि डाळीला फोडणी द्यायचे.

मुरबाडला घर झालं. फरशी आली, फ्रिज आला, नळ आला. आई आमच्याबरोबर सात-आठ वर्षं राहिल्या. माझ्याशी वाईट वागल्या म्हणावं तर तेही नाही. नातीच्या वेण्या घातल्या, माझ्या आजारपणात माझे पाय चेपले. फक्त त्या फरशीवर कधी झोपल्या नाहीत, गॅलरीत गोधडी टाकायच्या. आत गुदमरतं म्हणायच्या. रस्त्यावरून कोणी कोणालाही मोठ्यानं हाक मारली की जागच्या जागी ताठ बसायच्या. मग हळूहळू पुन्हा सैल व्हायच्या. हे मी सात-आठ वर्षं रोज बघितलं. बघून स्वयंपाकघरात जायचे.

त्या गेल्या तेव्हा त्यांना गावी नेलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तोवर गावात फोन आले होते. निरोप भराभर गेले. काय माणसं आली हो! वैशाखऱ्याहून, घाटाखालच्या गावांतून. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मिशी फुटलेले पोरगे — माझा जन्म हिच्या हातचा, माझा जन्म हिच्या हातचा, असं सांगत पायाशी वाकत होते. ओटीपासून पार रस्त्यापर्यंत माणूस होतं. फक्त वाडीवरचं कोणी नव्हतं. एकही नाही.

माझ्या नणंदेच्या ते लक्षात आलं. आईंच्या उशाशी बसून, डोळे पुसत तिनं मला विचारलं, "वहिनी, वाडीवरचं कोणीच कसं नाय आलं गो? आईनं तर त्यांच्यासाठी जीव टाकला."

आई समोर होत्या. तोंडावरून पदर अजून ओढला नव्हता. आता मला कोणाची भीती होती? घर झालं होतं, माळ गेला होता, पाठीशी घालणारी गेली होती. इतकी माणसं जमली होती — एका वेळी सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

मी म्हणाले, "त्यांना कळलं नसेल."

वाडी अजून तिथंच आहे. माळशेजच्या एस्टीत उजव्या खिडकीला बसलं की दिसते. काळू आहे, मला माहीत आहे. चढण तासाभराची. तिथं आईंचं नाव अजून तेच आहे — हाक मारली आणि आली नाही, ती सुईण. मी अजून गेलेली नाही.