विहिरीवरच्या तीन चकरा

सुरुवातीलाच सांगते, आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, नवस यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि घरातले देव नेऊन विसर्जित केले, तेव्हापासून आम्हाला प्रश्न विचारायची सवय लागलीय. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर. चूक पुन्हा करून दाखवता आली नाही तर ती चूकच नाही, असं म्हणून लोकांशी भांडलेली बाई. तरी हे लिहितेय... हसायचं असेल तर हसा.

गाव पेडगाव, तालुका परभणी. गावाबाहेर आमचं तीन एकर शेत आणि त्यात विहीर. मी पुण्यात एका खासगी कंपनीत होते – नाव देत नाही – लष्करी विमानांना वाट दाखवणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर तपासायला. माझा धाकटा भाऊ अवी वायुदलात मालवाहू विमानाचा पायलट. योगायोग म्हणा, त्याच्या विमानात आमचंच सॉफ्टवेअर होतं. लेक रस्ता आखती अन् लेक त्यावरून जातो, असं माय गावभर सांगायची.

आमच्या टीमची एक खोड होती. चाचणीसाठी नकाशावरचा एखादा बिंदू लागतो. जो तो आपापल्या घराचा टाकायचा आणि काम झालं की पुसायचा. माझा बिंदू म्हणजे आमची विहीर. अवीला हे सांगितलं तर पठ्ठ्यानं त्या बिंदूचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठच केले. मायला म्हणाला, कधी गावावरून गेलो तर विहिरीवर तीन चकरा मारीन, तू पदर हलव. असं कुणी करू देत नाही हे तिलाही माहीत होतं, पण कौतुकानं हो म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. भर दुपारी माय पऱ्हाटीतून एकदम उभी राहिली आणि वर बघून पदर हलवायला लागली. शेजारच्या सखूकाकूनं वर पाहिलं. आभाळ मोकळं, आवाजही नाही. काय झालं म्हणून विचारलं तर माय म्हणाली, "अवी आलाय, सखू. बघ की, तिसरी चकर मारायलाय."

काकूला वाटलं ऊन लागलं. तिनं लगेच मला फोन केला. म्हणून वेळ माझ्या फोनमध्ये आहे – बारा सतरा.

संध्याकाळी दुसरा फोन आला. ईशान्येकडच्या डोंगरात, ढगात, अवीचं विमान कड्याला धडकलं होतं. अवी गेला. सोबतचे चौघंही गेले. पेटी गावात आली ती बंदच, उघडू दिली नाही. मायनं पेटीवरूनच हात फिरवला.

महिन्याभरानं विमानातली नोंद कंपनीत आली. टीममधल्या एकानं मला बोलावलं आणि हळूच विचारलं, हा तुमचाच बिंदू ना? उपग्रहाचा सिग्नल तुटला की यंत्रानं शेवटची खरी जागा धरून ठेवायची असते. त्याऐवजी पडद्यावर एकदम पेडगाव आलं होतं... आमची विहीर. आणि तिच्याभोवती तीन गोल. शेवटची नोंद बारा सोळा.

ढगात वाट चुकलेलं विमान गोल फिरतंच, असं तो म्हणाला. ते मला पटतं. पण बिंदू मी पुसला होता. त्या विमानात गेलेली सॉफ्टवेअरची प्रत आम्ही ओळ न् ओळ तपासली, बिंदू तिच्यात नाही. शेकडो वेळा सिग्नल तोडून पाहिला, पेडगाव एकदाही आलं नाही. माझ्याच नियमानं ती चूकच नाही.

पण मला एकच गोष्ट खात राहिली. ते आकडे अवीला पाठ होते. म्हणजे पडद्यावर दिसताच त्याला कळलं असणार, हे ताईनं केलंय. माझा भाऊ हे जाणून मेला, या विचारानं मी जेवायची बंद झाले. नोकरी सोडली.

मायला सांगायला सहा महिने लागले. विहिरीच्या काठावर बसून सगळं सांगितलं. त्याला कळलं असेल गं, माझ्यामुळं मरतोय म्हणून... एवढं बोलले आणि रडायलाच लागले.

मायनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"कळलं असंल की," ती म्हणाली. "पर राग आला असता तर तीन चकरा मारल्या असत्या का? घर दिसलं म्हणून मारल्या त्यानं."

बिंदू कुठून आला, मायला त्या मोकळ्या आभाळात काय दिसलं, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. कुणाकडं असेल तर जरूर कळवा. मी अजून पुरावाच मागणारी आहे. पण त्या दिवशी उठता उठता मी, टेस्टर असलेली मी, तिला विचारलं – तू पदर हलवलेला त्याला दिसला असेल का?

"दिसला की," माय म्हणाली. "म्हणून तर चौथी चकर मारली न्हाई."