डोक्यामागचा मुखवटा

आतल्या भीतीशी तह केला की माणूस निर्भय होतो. मी तो एकदा केला आहे. वाळत्या मोहफुलांचा वास आला की अजून आठवतं.

आमच्या रानात वाघानं आदल्याच आठवड्यात एकाला नेलं होतं. वाघ पाठीमागून येतो, पण चेहरा दिसला की बिचकतो, म्हणून मोहफुलं वेचताना आम्ही डोक्यामागे माणसाचा मुखवटा बांधायचो. तरीही पान वाजलं की मी वळायचो. टोपली रिकामीच.

"भाऊ, सारखे मांगं काऊन पाहून राह्यले?" पलीकडच्या झाडाखालून शेजारच्या पार्वताबाई ओरडल्या. "तुमी वळले का मुखवटा मलेच पाहते. मांगचं त्याच्यावर सोडा ना!"

मानेवर घाम गार झाला होता. शेवटी ठरवलं, मागचं त्यानं पाहावं, पुढचं मी. वाकलो, आणि टोपली भरेपर्यंत एकदाही वळलो नाही.

घरी फुलं वाळत घातली. मुखवटा टोपलीच्या तळाशी निघाला; पहिल्यांदा वाकलो तेव्हाच सुटून पडला असणार.